आधी वही, मग पाना

‘सर, गाडी बनवली!’ आमच्या निजामपुऱ्यात हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येते. दहावी सोडून दोन वर्षे झालेला मुलगाही ते मोठ्या ऐटीत सांगतो. पाहायला जावे तर बुलेटला कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावलेला असतो. नाहीतर एखाद्या जीपला चिखलातले जाडजूड टायर, छतावर सहा दिवे आणि नंबरप्लेटवर नंबर सोडून बाकी सगळे. यात तुझ्या हाताने काय झाले, असे विचारले की तो गप्प होतो. पैसे वडिलांचे, हात मिस्त्रीचे, माल दुकानाचा आणि नाव ह्याचे. याला बनवणे म्हणत नाहीत, विकत घेणे म्हणतात.

दुसऱ्या बाजूला आपले बुजुर्ग आहेत. मुलगा जुनी फियाट घ्यायची म्हणाला की घरात पहिला शब्द निघतो ‘इस्राफ’, दुसरा ‘भंगार’ आणि तिसरा ‘त्यापेक्षा अभ्यास कर’. एका रात्रीच्या शादीच्या मंडपावर, रोषणाईवर आणि जेवणावळीवर लाखो उडवताना मात्र हा शब्द कुणाला आठवत नाही. मंडप सकाळी उतरतो. वर्षभर एखाद्या गाडीवर घाम गाळणाऱ्या मुलाच्या हातात निदान एक हुनर उरतो.

माझे भांडण या दोघांशीही आहे. जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी करण्याचा शौक आपल्या मुलांनी जरूर करावा, असे मी म्हणतो. पण पहिली गाडी कोणती घ्यायची आणि काम कोणत्या क्रमाने करायचे, हे आधी वहीत मांडल्याशिवाय पान्याला हात लावू नये, असेही म्हणतो. वहीशिवायच्या शौकाचे काय होते ते निजामपुऱ्यातल्या कुठल्याही गल्लीच्या टोकाला दिसते. ताडपत्रीखाली अर्धी उघडलेली गाडी, आत मांजरीची पिल्ले, आणि मालक दुबईला.

पोरे मोबाइलवर ज्या गाड्या पाहून वेडी होतात त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. ही अमेरिकेतली चीज. जुनी साधी गाडी घ्यायची, तिचे अनावश्यक वजन उतरवायचे, इंजिन सुधारायचे आणि ती वेगवान करायची. पण तिची सुरुवात कुणी केली हे फारसे कुणी सांगत नाही. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी या गाडीचे दीड कोटीच्या आसपास नग काढले. त्यानंतर मॉडेल ए आली, आणि १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन असलेली फोर्ड आली. काही वर्षांत या गाड्या जुन्या होऊन भंगारवाल्यांकडे कवडीमोलाने मिळू लागल्या. नवी वेगवान गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या उचलल्या, मडगार्ड काढून फेकले, एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवले आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या सुकलेल्या तलावांच्या सपाट पात्रांत त्या पळवल्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी हा नाद आणखी वाढवला. म्हणजे हॉट रॉड ही श्रीमंताची चैन नव्हती. खिसा रिकामा आणि हात भरलेले असलेल्या माणसाची ती अक्कल होती.

भिवंडीला ही अक्कल नवी नाही. हे शहरच तिच्यावर उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग इथे आले, आणि इथल्या फिटरने, टर्नरने, जॉबरने ते पुढे अनेक दशके चालवले. मागाला क्रँक असतो, टॅपेट असतात, गिअर असतात, ब्रेक असतो. मोटारीलाही हेच असते. जो माणूस मागाच्या नुसत्या आवाजावरून टॅपेट झिजला हे ओळखतो, त्याला इंजिन शिकवायला परदेशातून कुणी यायला नको. आज हे माग भंगारात निघत आहेत आणि त्यांच्याबरोबर ती बोटेही निवृत्त होत आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ गाड्यांचा नाही. या बोटांकडचे ज्ञान पुढच्या पिढीच्या बोटांत उतरणार की नाही, हा आहे.

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, ‘आपल्याकडे जुगाड आहेच की!’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. आपल्या कारागिराचे कौतुक करायचे झाले की जो तो ‘जुगाड’ म्हणतो आणि आपण खूश होतो. खरे तर त्यात त्याचा अपमान आहे. जुगाड म्हणजे आजची वेळ मारून नेणे. तारेने बांधले, रबर घातले, चालले तोवर चालले. हुनर म्हणजे मोजून, समजून आणि उद्या दुसऱ्याला शिकवता येईल असे केलेले काम. कॅलिफोर्नियातली ती पोरेसुद्धा जुगाडी राहिली नाहीत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून संघटना केली, वेगाची रीतसर मोजणी सुरू केली, गाड्यांचे वर्ग पाडले, तपासणीचे नियम केले. १९४८ च्या जानेवारीत त्यांचे मासिक निघाले. १९५१ मध्ये आणखी एक राष्ट्रीय संघटना निघाली ती मुळात रस्त्यावरच्या शर्यती बंद करून त्या बंदिस्त जागी नेण्यासाठी. आपण त्यांच्याकडून मडगार्ड काढून टाकणे तेवढे उचलले. मोजमाप आणि शिस्त तिथेच राहिली.

त्यातही ‘पारंपरिक’ हॉट रॉड म्हणून जो प्रकार आहे, त्याचा नियम माझ्यासारख्या मास्तराला फार आवडतो. एक काळ निवडायचा, आणि गाडीवर जे काही येईल ते त्या काळातले, त्या पद्धतीचे असले पाहिजे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे सामान, त्यानंतरचे काही नाही. चकचकीत अलॉय चाके नाहीत, रंगीत एलईडी नाहीत, प्लास्टिकचे मुखवटे नाहीत. हे बंधन ऐकायला जाचक वाटते, पण पहिल्यांदा काम करणाऱ्याला त्याच्याइतकी मदत दुसरे काही करत नाही. काय घ्यायचे याची यादी त्याने छोटी होते, आणि काय घ्यायचे नाही हे दुकानात जाण्याआधीच ठरते.

आता निवडीकडे येऊ. बहुतेक मुलांचा घोळ इथेच होतो, कारण ती गाडी डोळ्यांनी निवडतात. पहिली गाडी कागदाने निवडावी, मग सांगाड्याने, मग सुट्या भागांनी आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी.

कागद म्हणजे आरसी. तिच्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. नंबराभोवती ताजे वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर चहाही न पिता उठावे. गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा आहे का, कर थकला आहे का, नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे आरटीओत विचारावे. खूप जुन्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती आधी चढवून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ मालकाने गाडी विकण्यापूर्वी खर्च करावा, तुम्ही घेतल्यानंतर नाही. ‘पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद झाल्या’ ही अफवाही डोक्यातून काढावी. ती सक्ती दिल्ली परिसरातली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. अर्थात फुकट नाही. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले, आणि वर पर्यावरण कर आहेच. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर हवा.

उत्तरेकडून सजून येणाऱ्या ‘तयार जीप’बद्दल एक शब्द. त्यातल्या कितीतरी जीपचे कागद एका गाडीचे, चासी दुसरीची आणि अंग नव्या पत्र्याचे असते. दिसायला ती १९५० ची, कागदावर १९९० ची आणि खरी गेल्या वर्षीची. तिला हात लावू नका. ती घेणारा गाडीबरोबर पोलीस ठाण्याच्या चकराही विकत घेतो, आणि आपल्या नावाच्या मुलाला त्या चकरा किती महाग पडतात हे मी वाचकांना सांगायला नको.

कागदानंतर सांगाडा. इथे एक तांत्रिक फरक समजून घेतलाच पाहिजे. अमेरिकेतल्या जुन्या फोर्डला खाली वेगळी चासी होती आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली होती. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी गाडी चाकांवर उभी राहत असे. म्हणूनच तिच्यावर एवढे प्रयोग झाले. आपल्याकडे जीपची रचना अशी आहे. दक्षिणेत बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचीही आहे. पण फियाट ११०० म्हणजे पुढची पद्मिनी, आणि अॅम्बेसेडर, या दोन्हींना वेगळी चासी नाही. त्यांची बॉडी हीच त्यांची हाडे. यूट्यूबवर पाहून पद्मिनीचे छत कापणारा मुलगा टोपी काढल्यासारखे समजतो. प्रत्यक्षात तो बरगड्या कापत असतो. तशी गाडी खड्ड्यात गेली की दारे आपोआप उघडतात आणि अपघातात ती पत्त्याच्या बंगल्यासारखी मिटते.

म्हणून पाहायला जाताना खिशात चुंबक आणि टॉर्च ठेवा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. पायाखालची चटई उचला, दाराखालच्या पट्ट्या ठोकून पाहा, जॅक लावायच्या जागा पाहा, काचेखालचा कोपरा पाहा. इंजिन बंद असले तरी घाबरू नका. बंद इंजिन पैशाने सुरू होते. कुजलेला सांगाडा पैशानेही सरळ होईल याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट सुटे भाग. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना ३० ऑक्टोबर २०२३ ला अधिकृतपणे संपला, पण इतकी वर्षे हजारोंनी धावलेल्या गाडीचे भाग आणि ती जाणणारे मिस्त्री एका रात्रीत संपत नाहीत. जीपचेही तसेच. पहिली गाडी अशी सर्वसामान्यच असावी. दुर्मीळ गाडीचा एक दिव्याचा कडा शोधण्यात वर्ष जाते आणि त्या वर्षात शौक मरतो. शिवाय गाडी पूर्ण असावी. ‘इंजिन आहे, गिअरबॉक्स मामाकडे आहे, दारे मिळतील’ असे म्हणणारा मालक गाडी विकत नसतो, गोष्ट सांगत असतो.

या दोन्ही गाड्या आपल्याच मातीतल्या आहेत, हेही मुलांना सांगावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी गाड्या, मग फियाट बाहेर पडल्या. जीप जोडणारी कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या पाटीवर दुसरा महिंद्रा आला. जीपचे बॉनेट उघडणाऱ्या पोराला हा इतिहास माहीत असेल तर ती गाडी त्याला आणखी जवळची वाटेल.

आता सर्वांत कडू भाग, कायदा. त्याच्याबद्दल गोड बोलणारे लोक तुमचे मित्र नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी घट्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आणले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे छत कापले हा एक, चासी कापली हा दुसरा, भलतेच इंजिन बसवले हा तिसरा. हिशेब तुम्हीच करा. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला जागा मिळते, ती वेगळी.

दुसरा मार्ग आहे तो ‘व्हिंटेज’ नोंदणीचा. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि मोटारींना वेगळी मालिका मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे हॉट रॉड करणाऱ्याला हाही दरवाजा बंद.

मग आपल्या मुलाने करायचे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या गाडीत कापाकापी नाही आणि परके इंजिन नाही. तिचेच इंजिन पूर्ण उघडून, मोजून, खराद्याकडे नेऊन मूळ मापावर आणायचे. तिचेच ब्रेक, तिचेच स्टेअरिंग नव्यासारखे करायचे. लोखंडी चाके, योग्य मापाचे टायर, त्या काळचा एकरंगी रंग, आणि तो आरसीत नोंदवून घेतलेला. पुढून-मागून लटकवलेला कचरा उतरवायचा. परंपरेचा गाभा कापण्यात कधीच नव्हता. जुने टाकाऊ लोखंड समजून घेऊन त्याला पुन्हा पळायला लावणे हा तो गाभा आहे, आणि तेवढ्याला कुठलेही कलम आडवे येत नाही.

‘मग मजा काय राहिली?’ असे पोरे विचारतात. मजा विज्ञानाच्या तासात शिकवलेली आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ३० वरून ६० वर गेलात तर ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. साठ सालच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाची एकच वाट. एका पाइपातून गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा गाडीत दुप्पट ताकदीचे इंजिन कोंबणारा मुलगा शूर नसतो, त्याने गणित केलेले नसते. नाशिक महामार्गावर हे गणित आपल्या मोहल्ल्यांनी जनाजे उचलून सोडवले आहे. त्याची आणखी उदाहरणे मला वर्गासाठी नकोत.

योजना म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर एका वाक्यात गाडी कशासाठी हे लिहा: ‘शुक्रवारी नमाजनंतर अब्बांना घेऊन वाड्यापर्यंत जाऊन यायचे.’ एवढे लिहिले की टर्बो आपोआप गळतो. दुसऱ्या पानावर साल. तिसऱ्यावर पैसे, आणि तिथे खरे लिहा. गाडीची किंमत हा खर्चाचा छोटा भाग असतो. पत्रा, रंग, इंजिन, टायर, वायरिंग, सीट, आरटीओ, जागेचे भाडे असे वेगळे रकाने पाडा आणि शेवटी आलेल्या बेरजेच्या निम्मी रक्कम ‘माहीत नसलेले’ या नावाने वेगळी धरा. ती रक्कम जवळ नसेल तर गाडी घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नको. शौकाचे हप्ते घराच्या चुलीवर बसतात.

चौथ्या पानावर जागा. निजामपुऱ्याच्या गल्लीत वर्षभर गाडी उघडी ठेवता येत नाही. शेजारी एक महिना कौतुक करतात, दुसऱ्या महिन्यात तक्रार. छप्पर आणि कुलूप असलेली जागा मिळाल्याशिवाय गाडी आणू नका. ही जागा मागाच्या कारखान्याशेजारी असेल तर दोनदा विचार करा. हवेतली रुई ओल्या रंगावर बसते आणि रंगाला लव फुटते. त्याहून वाईट म्हणजे वेल्डिंगची एक ठिणगी रुईच्या थरावर पडली तर गाडी राहू द्या, कारखाना जातो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली म्हणून तिला कधीही वेल्डिंग लावू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त स्फोटक असते.

पाचव्या पानावर ऋतू. आपला पावसाळा हा या कामाचा खरा सुपरवायझर. उघडा पत्रा जूनमध्ये रातोरात लाल होतो. म्हणून गाडी ऑक्टोबरात घ्यावी. नुकताच पाऊस खाल्लेली गाडी कुठे गळते आणि कुठे कुजली आहे हे लपवू शकत नाही. थंडीत उघडणे आणि पत्रा, उन्हाळ्यात प्रायमर आणि रंग, आणि पावसाळ्यात छपराखाली बसून इंजिन आणि वायरिंग. त्यात रमजानचा महिना मोकळा सोडा. मिस्त्री ईदला गावी जाणार, आणि तो म्हणेल त्या तारखेला येणार नाही, हेही लिहून ठेवा. त्यावर चिडायचे नाही, आधीच हिशेबात धरायचे.

सहाव्या पानापासून क्रम. आधी थांबणे, मग वळणे, मग पेटणे, मग पळणे आणि शेवटी चमकणे. म्हणजे ब्रेक, स्टेअरिंग, वायरिंग, इंजिन, रंग. आपली मुले उलट करतात. आधी रंग, मग सीट कव्हर, मग स्पीकर, आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले. खोलताना प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. दोन महिन्यांनंतर ‘हा बोल्ट कुठला?’ या प्रश्नाचे उत्तर फक्त चिठ्ठीच देते.

आणि मिस्त्री? ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, म्हणजे गुरू. आपल्याकडे उस्ताद म्हणतात. मग त्याच्याशी गिऱ्हाइकासारखे का वागता? गाडी टाकून जाऊ नका, शागिर्द म्हणून उभे राहा. पाना धरून द्या, विचारा, वहीत लिहा. ज्या उस्तादाने आयुष्यभर हातात धरून शिकवले त्याचे एक अक्षरही कुठे लिहिलेले नाही, ना मराठीत ना उर्दूत. तुमची वही हे त्याचे पहिले पुस्तक असेल. पालकांनाही विचारतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, टर्नर, वेल्डर हे अभ्यासक्रम आहेत. त्यांना ‘नापासांची जागा’ म्हणणारे आपण, आपली गाडी बंद पडली की कुणाचा दरवाजा ठोठावतो?

शेवटचे मागणे सरकारकडे. कायदा कडक असावा, माझी तक्रार नाही. पण कडक आणि बंद यांत फरक आहे. ब्रिटनमध्ये बदललेल्या गाडीला गुण देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. मूळ चासी किंवा बॉडीला पाच, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगला दोन-दोन, इंजिनाला एक. आठ गुण राखले तर गाडीची ओळख टिकली, नाहीतर तिची स्वतंत्र तपासणी. इंजिनाला एकच गुण आणि चासीला पाच, यातले शहाणपण पाहा. आपल्याकडेही एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देणारी अशी एखादी वाट काढता येईल. ती नसल्याने होते एवढेच की चोरून करणारा चोरून करत राहतो आणि नीट करू पाहणारा घरी बसतो.

ती वाट निघेल तेव्हा निघेल. तोवर माझ्या मुलांनो, या पावसाळ्यात गाडी घेऊ नका. वही घ्या. चार महिने जुन्या मिस्त्रींकडे बसा, दहा गाड्या पाहा, दहाही सोडा, आकडे लिहा, खोडा, पुन्हा लिहा. ऑक्टोबर उजाडेल तेव्हा ज्याच्या वहीची वीस पाने भरलेली असतील त्याने चुंबक खिशात टाकून निघावे. ज्याची कोरी असेल त्याने आणखी एक पावसाळा थांबावे.